आतड्याच्या ऑपरेशननंतर जखम पिकू नये म्हणून

आतड्याचे ऑपरेशन ठरले की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. टाके कधी काढणार आणि अँटिबायोटिक किती दिवस चालणार? दुसऱ्या प्रश्नामागे एक समजूत घट्ट बसलेली असते. जखम पिकू नये म्हणून द्यायचे औषध जितके भारी आणि जितके जास्त दिवस, तितके बरे, असे आपण धरून चालतो. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन बंद केले की नातेवाईक अस्वस्थ होतात, आणि आठवडाभर चालू ठेवले की पेशंटची नीट काळजी घेतली जाते आहे असे त्यांना वाटते. मला सांगायचे आहे ते याच्या नेमके उलट आहे. ठरवून केलेल्या आतड्याच्या ऑपरेशननंतर जखम पिकणार की नाही, हे बहुतांशी तीन टप्प्यांत ठरते: ऑपरेशनपूर्वीचे काही आठवडे, पहिली चीर देण्यापूर्वीचा तासभर आणि प्रत्यक्ष टेबलावरचा वेळ. नंतरच्या आठवडाभराच्या अँटिबायोटिकने त्यात सहसा भर पडत नाही, नुकसान मात्र होऊ शकते. हे एकदा पटले, की पेशंटने आणि घरच्यांनी आपली शक्ती कुठे लावायची तेही बदलते.

आतड्याचीच एवढी चिंता का, हे आधी पाहू. थायरॉइड किंवा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सर्जन ज्या भागात हात घालतात तिथे एरवी जंतू नसतात. मोठ्या आतड्यातल्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये मात्र दहा हजार कोटींच्या घरात जंतू असतात. आतड्याच्या आत ते आपले सोबती आहेत. आतडे कापून पुन्हा जोडताना त्यांतले थोडे जरी पोटाच्या भिंतीतल्या चरबीत गेले, तरी तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांना वाढायला वाव मिळतो. म्हणून या ऑपरेशनांत जखमेचा संसर्ग इतर बहुतेक ऑपरेशनांपेक्षा जास्त आढळतो. २०१८ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आलेल्या ग्लोबलसर्ज गटाच्या पाहणीत ६६ देशांतल्या ३४३ रुग्णालयांमधील १२,५३९ पेशंट होते, आणि सगळ्यांचे ऑपरेशन पचनसंस्थेचे होते. तीस दिवसांत एकूण १२.३ टक्के पेशंटच्या जखमेत संसर्ग झाला. श्रीमंत देशांत हे प्रमाण ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ टक्के आणि गरीब देशांत २३.२ टक्के होते. ऑपरेशन तेच, जंतूही साधारण तेच, तरीही आकड्यांत एवढा फरक. पेशंटची अवस्था, ऑपरेशन किती तातडीचे होते अशा गोष्टी हिशेबात धरल्यावरही गरीब देशांतली जोखीम जास्तच राहिली. म्हणजे ‘नशिबात होते’ एवढ्यावर हे सोडून देता येत नाही.

अँटिबायोटिकच्या वेळेचे महत्त्व पहिल्यांदा स्वच्छपणे दिसले ते १९६१ साली. बॉस्टनमधले सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगच्या त्वचेत जंतू टोचले आणि वेगवेगळ्या वेळी अँटिबायोटिक दिले. औषध आधीच रक्तात असले तर जंतूंना जवळजवळ काहीच करता आले नाही. जसजसा उशीर होत गेला तसतसा उपयोग कमी झाला. आणि तीन तासांनंतर दिलेले औषध न दिल्यासारखेच ठरले. जंतू पेशींमध्ये बस्तान बसवतात ते याच पहिल्या काही तासांत. नंतर दिलेले औषध म्हणजे वरातीमागून घोडे. माणसांमध्ये हेच चित्र १९९२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी इथल्या २,८४७ पेशंटच्या अभ्यासात दिसले. चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के लोकांना संसर्ग झाला. चीर दिल्यानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत हे प्रमाण ३.३ टक्के होते. आणि ज्यांना फार लवकर, म्हणजे दोन तासांहूनही आधी, इंजेक्शन दिले गेले होते त्यांच्यात ३.८ टक्के. हा शेवटचा आकडा आपल्याकडच्या वॉर्डांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. सकाळी सात वाजता वॉर्डात सिस्टर इंजेक्शन देतात, पेशंट ट्रॉलीवर वाट पाहत राहतो, आधीची केस लांबते आणि नंबर लागतो साडेदहाला. कागदावर ‘अँटिबायोटिक दिले’ अशी नोंद असते, पण चीर देताना रक्तातले त्याचे प्रमाण उतरणीला लागलेले असते. म्हणून हे इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्येच, भूलतज्ज्ञाच्या हातून, चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात जाणे उत्तम. ऑपरेशन लांबले तर टेबलावरच दुसरा डोस द्यावा लागतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या सेफाझोलिनसाठी ही मर्यादा चार तासांची आहे. रक्तस्राव फार झाला तर त्याहून आधी. आतड्यात ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतूही भरपूर असल्याने जोडीला बहुधा मेट्रोनिडाझोल असते.

इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. अँटिबायोटिक निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये ते दिल्याने जखमेच्या संसर्गाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर येते, असे कोक्रेन संस्थेने २६० चाचण्या एकत्र करून दाखवले आहे. संसर्ग रोखण्याच्या उपायांत इतका ठोस पुरावा फार थोड्या गोष्टींचा आहे. माझा मुद्दा वेळेचा आहे. ऑपरेशन संपल्यावर हेच औषध पुढे चालू ठेवल्याने काय होते, याच्या ५२ चाचण्यांमधल्या १९,२७३ पेशंटची माहिती २०२० साली एकत्र तपासली गेली. चालू ठेवण्याचा ठोस फायदा त्यात दिसला नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील ७९,०५८ ऑपरेशनांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांत मोठ्या आतड्याची ऑपरेशनेही होती. अँटिबायोटिक जितके लांबले तितका मूत्रपिंडाला इजा होण्याचा आणि ‘सी. डिफिसिल’ या जंतूमुळे होणाऱ्या त्रासदायक जुलाबांचा धोका वाढला, जखमेचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेतील संसर्ग रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधासाठी अँटिबायोटिक लांबवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांत डॉक्टरही असतात. ‘हे सगळे परदेशातल्या चकचकीत रुग्णालयांना ठीक. आपल्याकडे वॉर्डात गर्दी, एका खाटेजवळ चार नातेवाईक, संडास सामायिक. इथे अँटिबायोटिक लांबवले नाही तर काय होईल?’ आक्षेपामागची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. व्यवस्थित शिवलेली जखम साधारण दोन दिवसांत वरून मिटते. वॉर्डातल्या धुळीतून तिच्यात जंतू जाण्यापेक्षा, ऑपरेशनच्या वेळी आतड्यातून आलेले जंतू तिथे राहिलेले असण्याची शक्यता कितीतरी जास्त. वॉर्डातली अस्वच्छता पसरते ती हातांमधून, आणि तिच्यावर उपाय हात धुण्याचा आहे, सलाइनमधून औषध देण्याचा नाही. दुसरे असे, की ग्लोबलसर्जच्या त्याच पाहणीत ज्या पिकलेल्या जखमांची जंतुतपासणी झाली होती, त्यांतल्या २१.६ टक्के जखमांमधले जंतू आधी दिलेल्या अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. औषध उगाच लांबवले की पेशंटच्या आतड्यात टिकून राहतात ते असेच निगरगट्ट जंतू. उद्या खरोखर संसर्ग झाला, तर हाताशी उरणारी औषधे कमी आणि महाग असतात.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. आतडे फुटून किंवा अपेंडिक्स फुटून पोटात आधीच पू झाला असेल, तर दिले जाणारे अँटिबायोटिक हा उपचार असतो, प्रतिबंध नव्हे, आणि तो काही दिवस चालवावाच लागतो. पण तिथेही ‘जितके जास्त तितके बरे’ हा हिशेब टिकत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५१८ पेशंट होते. पोटातला पू नीट काढून टाकल्यावर चार दिवसांचे औषध आणि आठ दिवसांच्या आसपासचे औषध यांचे परिणाम जवळजवळ सारखेच आले. म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारायचाच असेल तर तो ‘किती दिवस देणार?’ असा नसावा. ‘हे औषध संसर्ग होऊ नये म्हणून आहे, की झालेल्या संसर्गावर आहे?’ असा असावा. त्याच्या उत्तरावर बाकी सगळे अवलंबून आहे.

आता पोट साफ करण्याकडे वळू, कारण या बाबतीत पेशंटच्या हातात खरोखर काही असते आणि गोंधळही इथेच सर्वांत जास्त आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पावडर पाण्यात मिसळून दोन-तीन लिटर प्यायची आणि आतडे रिकामे करायचे, ही जुनी पद्धत. विष्ठा नसली की जंतू नसतील, हा त्यामागचा विचार. पण नुसते आतडे धुतल्याने जखमेचा संसर्ग कमी होत नाही, असे एकामागून एक चाचण्यांमध्ये दिसले. विष्ठा जाते, पण आतड्याच्या अस्तराला चिकटलेले जंतू राहतातच. त्यामुळे अनेक सर्जननी ती पद्धत सोडून दिली, आणि ते चूकही नव्हते. पण १९७३ साली अमेरिकेतल्या निकोल्स आणि कॉन्डन या सर्जननी आतडे धुण्याच्या जोडीला आदल्या दिवशी नियोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या गोळ्या पोटातून देण्याची पद्धत मांडली होती. ती मधल्या काळात मागे पडली. जुन्या आणि नव्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर ती पुन्हा पुढे आली. धुतलेल्या आतड्यात गोळ्यांचे औषध अस्तरापर्यंत पोहोचते, आणि दोन्ही मिळून संसर्ग घटतो. जागतिक आरोग्य संघटना आज हेच सांगते: ठरवून केलेल्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनपूर्वी प्रौढांना पोट साफ करण्याचे औषध द्यायचे तर पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकसह द्यावे, एकटे देऊ नये. सगळ्या सर्जनांचे यावर एकमत नाही. फिनलंडमध्ये ३९६ पेशंटवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत काहीच तयारी न केलेल्या गटाशी तुलना करता ठळक फायदा दिसला नाही. दुसऱ्या वर्षी स्पेनमधल्या ५६५ पेशंटच्या चाचणीत आतडे न धुता नुसत्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा संसर्ग ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या सगळ्याकडे एकत्र पाहता गोळ्यांचा भाग महत्त्वाचा दिसतो. त्यामुळे तुमच्या सर्जननी अशा गोळ्या वेळा लिहून दिल्या असतील, तर त्या वेळा घड्याळ लावून पाळा. मळमळीने उलटी झाली आणि गोळी पडली असे वाटले तर ते लपवू नका, वॉर्डात सांगा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोट साफ करण्याचे औषध सुरू करण्यापूर्वीच विचारा, कारण त्याने शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. आणि गावाकडे ‘पोट साफ असलेले बरे’ म्हणून एरंडेल किंवा एनिमा आपल्या मनाने घेऊ नका. आतड्यात गाठीमुळे अडथळा असेल तर ते जिवावर बेतू शकते.

ऑपरेशनपूर्वीचे आठवडे हा पेशंटचा स्वतःचा काळ. त्यात सर्वांत मोठा वाटा साखरेचा आहे. रक्तातली साखर चढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. ऑपरेशनच्या आसपास ती २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ साली सांगितले, आणि ते मधुमेह नसलेल्यांनाही लागू केले, कारण ऑपरेशनचा ताण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचीही साखर वाढवतो. म्हणून ‘मला शुगर नाही’ म्हणून तपासणी टाळू नये. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी तारीख ठरण्याआधीच करून घ्यावी. दुसरा वाटा धूम्रपानाचा. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या शरीरावर छोट्या चिरा देऊन त्या शिवल्या गेल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या १२ टक्के जखमांत संसर्ग झाला, कधीच न करणाऱ्यांच्या २ टक्के जखमांत. चार आठवडे सिगारेट सोडलेल्यांच्या जखमा बऱ्याच अंशी सुधारल्या, आणि सोडण्यासाठी निकोटिनची पट्टी वापरली म्हणून काही बिघडले नाही. तेव्हा तारीख मिळाली त्या दिवशीच विडी-सिगारेट बंद. मिशरी लावणाऱ्या अनेक बायका स्वतःला तंबाखूवाल्यांत मोजत नाहीत आणि भूलतज्ज्ञाने विचारल्यावर ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात. तेही सांगायला हवे. तिसरी गोष्ट पोषणाची. आतड्याच्या गाठीमुळे महिनोन्महिने जेवण तुटलेल्या पेशंटचे वजन उतरलेले असते, आणि प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. खाता येत असेल तोवर दूध, अंडी, डाळ, मासे, पनीर यांतले जे पचेल ते डॉक्टरांना विचारून वाढवावे. वजन बरेच घटले असेल तर प्रथिनांची पावडर सुरू करण्याबद्दल आपणहून विचारावे. केसांचे मात्र उलटे आहे, तिथे काहीच करायचे नाही. घरी वस्तरा किंवा रेझर लावून पोट गुळगुळीत करून येणे म्हणजे त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे काढणे, आणि त्यांत रातोरात जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात, ऑपरेशनच्या आधी, क्लिपरने. आदल्या रात्री आणि सकाळी साध्या साबणाने स्वच्छ आंघोळ पुरेशी असते.

थिएटरच्या दाराआत पेशंट किंवा नातेवाईक काही करू शकत नाहीत, पण तिथे काय घडायला हवे हे माहीत असणे उपयोगाचे आहे. कारण खर्चाचे काही निर्णय नातेवाइकांपुढे मांडले जातात. इथला सर्वांत अलीकडचा आणि आपल्याला सर्वांत जवळचा पुरावा स्वस्त गोष्टींच्या बाजूचा आहे. भारतासह बेनिन, घाना, मेक्सिको, नायजेरिया, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ८१ रुग्णालये, १३,३०१ पेशंट, सगळ्यांचे ऑपरेशन पोटाचे. निम्म्या रुग्णालयांमध्ये एकच बदल केला होता. पोट बंद करण्याआधी सर्जन आणि मदतनीस यांनी हातमोजे बदलायचे आणि टाके घालायला नवी निर्जंतुक हत्यारे घ्यायची. आतडे हाताळताना मोज्यांना आणि चिमट्यांना लागलेले जंतू त्याच हत्यारांनी चरबीत आणि त्वचेत जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा विचार. जिथे हा बदल नव्हता तिथे १८.९ टक्के जखमा पिकल्या, जिथे होता तिथे १६ टक्के. म्हणजे साधारण पस्तीस पेशंटमागे एकाची जखम वाचली, तीही मोज्यांच्या काही जोड्या आणि हत्यारांच्या एका छोट्या ट्रेच्या खर्चात. याच सात देशांत आधी, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ५,७८८ पेशंटच्या चाचणीत महागडा जंतुनाशक-लेपित धागा साध्या धाग्यापेक्षा सरस ठरला नाही. त्वचा पुसण्यासाठी वापरलेले अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन साध्या आयोडीनपेक्षा सरस ठरले नाही. त्यामुळे ‘स्पेशल टाके’ घेतले नाहीत म्हणून घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

शरीराच्या उबेबाबत मात्र एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित करता येते. १९९६ साली २०० पेशंटच्या चाचणीत, आतड्याच्या ऑपरेशनच्या वेळी अंग थंड पडू दिलेल्यांमध्ये १९ टक्के आणि उबदार ठेवलेल्यांमध्ये ६ टक्के संसर्ग दिसला होता. मुख्यतः चीनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ५,०५६ पेशंटच्या चाचणीत मात्र तसा फरक आढळला नाही. मग कुणाचे खरे मानायचे? आकडे नीट पाहिले तर दोन्ही खरे आहेत. पहिल्या चाचणीत थंड गटाचे तापमान ३४.७ अंशांपर्यंत उतरले होते. दुसऱ्या चाचणीत थंड गट ३५.५ अंशांजवळच ठेवला होता. म्हणजे थोडी थंडी चालते, फार थंडी चालत नाही. गार थिएटरबाहेर पातळ गाऊनमध्ये तासभर ताटकळलेला पेशंट फार थंडीकडे जातो. त्याला ब्लँकेट द्या, असे सांगण्यात नातेवाइकांनी संकोच करू नये.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. असे छोटे छोटे उपाय एकत्र केले की खरोखर फरक पडतो का, की ही नुसती यादी आहे? २०१३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने असे उपाय एकत्र राबवून आतड्याच्या ऑपरेशननंतरचा संसर्ग ९.८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणल्याचे प्रसिद्ध केले. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, टेक्ससमधल्या डॅलस इथल्या एका काटेकोर चाचणीत उपायांचा गठ्ठा मिळालेल्या गटात ४५ टक्के संसर्ग झाला आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात २४ टक्के. हा निकाल मला झाकून ठेवावासा वाटत नाही, कारण त्यातून शिकण्यासारखे खूप आहे. त्या गठ्ठ्यात आतडे साफ करण्याची पायरीच गाळलेली होती, आणि जादा ऑक्सिजन, सलाइन कमी देणे अशा कमकुवत पुराव्याच्या गोष्टी भरलेल्या होत्या. उपाय किती आहेत याला महत्त्व नाही, कोणते आहेत याला आहे. म्हणून या लेखात मी वेळेवर इंजेक्शन, आतड्याची तयारी, साखर, सिगारेट, मोजे आणि हत्यारे यांवरच भर दिला.

‘पण डॉक्टरांना हे विचारायचे कसे? त्यांना राग येईल,’ ही शेवटची अडचण. विचारण्यात उलटतपासणीचा सूर नसला तर बहुतेक डॉक्टरांना राग येत नाही. आठ शहरांत, त्यांत नवी दिल्लीही होती, ऑपरेशनपूर्वीच्या सुरक्षा-यादीची चाचणी झाली आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्या एका पानावर ‘गेल्या तासाभरात अँटिबायोटिक दिले का?’ हा प्रश्न छापलेला आहे. ती यादी सुरू केल्यावर जखमेचा संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला. जो प्रश्न सर्जन स्वतःच्या टीमला विचारतात, तो पेशंटने आदल्या दिवशी नम्रपणे विचारला तर त्यात अपमान कसला? ‘मॅडम, अँटिबायोटिकचे इंजेक्शन थिएटरमध्येच देणार ना? माझी केस पुढे ढकलली तर ते पुन्हा द्याल ना?’ एवढे पुरे. पूर्वी कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल तर तेही याच वेळी सांगावे.

घरी आल्यावर तीस दिवस लक्ष ठेवायचे असते, कारण अनेक जखमा डिस्चार्जनंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत पिकतात. रोज एकदा, उजेडात, हात साबणाने धुऊन जखम पाहावी आणि फोनवर फोटो काढून ठेवावा. लाली पसरते आहे असे वाटले तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर दवाखाना गाठावा. दुखणे कमी होत आलेले असताना पुन्हा वाढणे, कडा गरम आणि कडक लागणे, पू किंवा दुर्गंधी, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, ही सगळी सर्जनना फोन करण्याची कारणे आहेत. काही गोष्टींना मात्र तासभरही थांबू नये. पोट फुगणे, उलट्या, नाडी जलद होणे, जखमेतून किंवा नळीतून विष्ठेसारखा द्रव येणे, ही आतड्याचा जोड गळत असल्याची लक्षणे असू शकतात. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग एकाएकी गुलाबी पाण्याने भिजले, तर पोटाचे आतले टाके सुटले असण्याची शक्यता असते. पेशंटला आडवे करून, जखमेवर स्वच्छ ओला कपडा ठेवून थेट रुग्णालयात न्यावे. जखमेवर हळद, तूप, राख, टूथपेस्ट किंवा मनाने आणलेली पावडर लावू नये. स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला लावलेली, पिशवी असेल तर तिच्या कडेतून गळणारी विष्ठा शेजारच्या जखमेकडे जाऊ देऊ नये. पिशवी एक-तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी आणि गळू लागली तर तिच्यावर चिकटपट्टी न मारता नवी लावावी. भात, डाळ, वांगे किंवा आंबट खाल्ल्याने पू होतो, ही समजूत घराघरांत आहे आणि तिच्यापायी प्रथिनांची सर्वाधिक गरज असताना पेशंट अर्धपोटी राहतो. काय खायचे आणि तंतुमय पदार्थ कधी सुरू करायचे हे आतड्याच्या जोडावर ठरते, आणि ते सर्जननाच विचारावे. पू होईल या भीतीने डाळ बंद करू नये.

इतके सगळे करूनही जखम पिकू शकते. ते कुणाच्या निष्काळजीपणाचे लक्षण असतेच असे नाही, आणि बहुतेक वरवरच्या जखमा एक-दोन टाके काढून, पू बाहेर जाऊ देऊन, रोजच्या ड्रेसिंगने बऱ्या होतात. घोटाळा होतो तो लपवण्याने, किंवा मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून दोन दिवस वाट पाहण्याने. डिस्चार्जच्या दिवशी घरी निघण्यापूर्वी सर्जनच्या टीमचा रात्रीही लागणारा फोन नंबर मागून घ्या, ऑपरेशनपासूनचा तिसावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि शंका आली तर त्या नंबरवर फोन करायला सकाळची वाट पाहू नका.